आमच्यासारखी होती

"दोनच शब्द आहेत, बुरुल एजे."

"दोन असू देत नाहीतर अर्धा. माझ्या तोंडून निघायचा नाही."

"अठरा वर्षं निघतोय की! दारू पिऊन ट्रक दरीत घालणाऱ्या ओरोझबेकसाठी निघाला. तुरुंगातून सुटलेल्या त्या पोरासाठी निघाला."

"ओरोझबेकनं माझा नवरा पळवला होता का?"

"ओरोझबेकला तुमचा नवरा परवडला नसता, एजे."

मी पायरीवर बसून कांदे सोलत होते. हसू आलं, म्हणून मान खाली घातली. माझी सासू बुरुल, गावात सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली बहीण, पण आम्ही घरचे तिला आपा म्हणतो, कोपरापर्यंत पीठ माखून तंदूरपाशी उभी होती. एसेन, आमच्या मंडळीचा, म्हणजे लहानशा चर्चचा पाळक, तंदूरचं लोखंडी झाकण हातात धरून समोर. ते झाकण त्यानंच जोडून दिलंय. पाळक होण्याआधी कोचकोर गावच्या बसडेपोत तो वेल्डर होता आणि अजूनही घाबरला की हातात लोखंड लागतं त्याला.

"हस तू," आपा त्याला म्हणाली. "तुझं काय जातंय? उद्या नदीत उतरशील, तिला बुडवशील, काढशील. लोक रडतील. माझी साक्ष ऐकताना जांभया देतात मेले, तिची ऐकून हुंदके देतायत! मी काय केलं होतं? शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं शोरबा ढवळला. त्यात रडण्यासारखं काय आहे? तिचं बघ. दुसऱ्याच्या घरात घुसली, चौदा वर्षं नांदली, आता डोळे पुसून म्हणते मला येशू भेटला. टाळ्या वाजवा!"

"तारण टाळ्यांवर मिळत नाही, एजे. हे मला तुम्हीच शिकवलंत."

"बरं, एक तोडगा सांगते. मयताला काय विचारतात? 'कसा माणूस होता?' सगळे म्हणतात, 'चांगला होता.' माझ्या नवऱ्याचा चुलता गेला तेव्हा मीही म्हणाले. अर्ध्या खोऱ्याच्या मेंढ्या चोरून खाल्ल्या होत्या त्यानं, तरी चांगला होता! तसं हिलाही चांगली होती म्हणून टाकते. झालं?"

"ते खोटं होईल. खोटं बोलायचं नाही म्हणून तर उत्तर बदललं ना आपण? आणि बदललं कुणी?"

आपानं मान वळवून पिठाचा गोळा उचलला. कारण बदललं होतं तिनंच.

ती गोष्ट आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. अठरा वर्षांपूर्वीचा पहिला बाप्तिस्मा. एसेन नवखा. बाप्तिस्म्यात जुना माणूस मरतो, पाण्यात पुरला जातो, हे त्यानं आदल्या रात्री शंभरदा घोकलेलं. इतकं, की नदीत उभा राहिल्यावर 'तू विश्वास ठेवतोस का' हे विचारायचं सोडून, मयतावर विचारतात तसं तो सवयीनं ओरडला, "कसा माणूस होता?" काठावर सगळे थिजले. चांगला होता म्हणावं, तर उभ्या गावाला ठाऊक होतं कसा होता ते. माणूस पाण्यात कुडकुडतोय. तेव्हा मागून आपा म्हणाली, "आमच्यासारखा होता."

एसेनला ते इतकं पटलं की चुकीचाच रिवाज झाला. दरवेळी विचारायचं, दरवेळी तेच उत्तर. पुढे हेही ठरत गेलं, की पहिलं उत्तर त्यानं द्यायचं, ज्याला त्या माणसाचा सगळ्यात जास्त त्रास झाला. ते आलं की बाकीच्यांनी. ते आलं नाही, तर माणूस पाण्यातून तसाच परततो. दोनदा झालंय तसं. एक पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उतरला. दुसरा उतरलाच नाही.

"जूरा गुरुवारी मॉस्कोला जातेय," एसेन हळूच म्हणाला. "तिकीट काढलंय. तिथे कुठल्याशा हॉटेलात भांडी घासणार. मुलीला आत्याकडे ठेवतेय. पुढचा उन्हाळा वगैरे नाही, एजे. उद्याच."

"मग म्हण ना तूच. पाळक आहेस."

"मला तिचा काय त्रास झालाय?"

आपानं पोळी पाठीमागून ओली केली, तंदूरमध्ये वाकली आणि ती अशी थापली, की आतून टोणपा बसल्यासारखा आवाज आला.

*

बुरुल आपा मेंढपाळाची मुलगी. उन्हाळी कुरणावर, तंबूत जन्मली. चाळीस वर्षांची होईतो तिनं देवाचा फारसा विचार केला नव्हता, तिला वेळ नव्हता. शेजारी लीडिया नावाची जर्मन म्हातारी होती. तिच्याकडे आपा शिवण शिकायला जायची आणि मशीन चालवता चालवता म्हातारी येशूच्या गोष्टी सांगायची. म्हातारी जर्मनीला गेली तेव्हा मशीन आणि बायबल आपाकडे ठेवून गेली. आपा म्हणते, मशीन घेतलं म्हणून बायबलही घ्यावं लागलं.

पण घेतलं ते घट्ट धरलं. सासरच्यांनी जेवणावळीत बोलावणं बंद केलं. नणंदेनं तिच्या हातचा चहा ओतून दिला. आणि चार वर्षांनी माझा सासरा मुकाश, घोड्यांचा व्यापारी, जूराला घेऊन आला. मोल्ला बोलावून निकाह लावला, बाजाराच्या पलीकडे घर मांडून दिलं. लोकांनी विचारलं तर सांगायचा, "थोरलीनं दुसरा धरला, म्हणून मी दुसरी धरली." सगळं खोरं हसलं होतं त्या वाक्यावर. अजून हसतात.

म्हणजे आपाचा हिशेब सरळ होता. येशू घेतला, नवरा दिला. सौदा महाग होता, पण तिचा होता. मंडळी तिच्या घरात भरायची, प्रभुभोजनाची रोटी तिच्या तंदूरची, बाप्तिस्म्याचे पांढरे अंगरखे तिच्या मशीनवरचे. रविवारी मुलांना ती शिकवायची. कृपा म्हणजे काय हे शिकवताना गोळ्यांची पिशवी काढायची. "वचन कुणाचं पाठ आहे?" चार हात वर. "आणि कुणाचं नाही?" दहा हात. मग चौदाही जणांना सारखीच गोळी. पाठ केलेली पोरं रडकुंडीला यायची. "हे बरोबर नाही, आजी!" आपा म्हणायची, "बरोबर नाहीच. बरोबर असतं तर ती मजुरी झाली असती."

दोन वर्षांपूर्वी त्या दहांत एक नवी मुलगी येऊन बसली. कान थेट मुकाशचे, मोठे आणि पुढे आलेले. आपानं ओळखलं. सगळ्या पोरांसमोर गोळी द्यावीच लागली. मुलगी ती गोळी आणि ती गोष्ट घरी घेऊन गेली. हळूहळू मुलीमागून आई यायला लागली. दाराशी बसायची, जोड्यांजवळ. आपाच्या घरात येऊन आपाच्या सतरंजीला पाय लागू नयेत म्हणून आखडून.

मग या वर्षी एप्रिलमध्ये जूरानं मुकाशला घराबाहेर काढलं. कुणी सांगितलं नव्हतं, एसेननंसुद्धा नाही. ती त्याला म्हणाली म्हणे, "तुम्ही थोरलीचे आहात. मी चोरलेली वस्तू वापरतेय. परत जा."

मुकाश खोगीर आणि पिशवी घेऊन आला आणि ओसरीवर असा उभा राहिला, जसं नको असलेलं पार्सल.

चौदा वर्षं आपानं त्याच्यासाठी गुडघे झिजवले होते. मला वाटलं, आता हिचे पाय जमिनीवर ठरणार नाहीत. पण मी तिला इतकी कडवट कधी पाहिली नव्हती.

"आला, पण कुणामुळे आला?" ती माझ्यावरच खेकसली. "माझ्या प्रार्थनेनं आला? तिच्या पश्चात्तापानं आला! तिनं सोडला म्हणून मला मिळाला. उष्टं वाढलंय मला, सूनबाई, माझ्याच ताटात!"

आणि मुकाशही काही कमी नव्हता. तिसऱ्याच दिवशी जेवताना म्हणाला, "तिकडे शेवया जरा बारीक कापायचे."

"तिकडे जा मग."

"घेत नाही ना ती!"

असं म्हणून तो शांतपणे जेवत राहिला. आपानं उठून खिडकी उघडली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मे महिन्यात जूरानं बाप्तिस्मा मागितला. त्या दिवशी आपा मशीनवर बसून मला म्हणाली, अगदी हळू, "आधी माझा नवरा नेला. आता माझा येशू."

तिचा अंगरखा मात्र शिवला. माप घ्यावं लागलं नाही. चौदा वर्षं बाजारात, बसमध्ये, लग्नात ती त्या बाईला डोळ्यांनी मापत आली होती. खांदे किती, कंबर किती, बाळंतपणानंतर किती सुटली, सगळं बोटांवर. टाचणीसुद्धा न लावता कापड कापलं.

*

एसेन गेला आणि तासाभरात जूरा फाटकाशी आली. चाळिशीची आहे, पण उन्हानं चेहरा रापलेला, हात बाजारात बटाटे वाहून मोठे झालेले. मुकाशनं हिच्यात काय पाहिलं असेल असं कुणालाही वाटावं. आपाला ते माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी ही बाई हसली की रस्त्यावरचे लोक थांबायचे.

"ये," मी म्हटलं. आपानं फक्त ताज्या रोटीकडे हनुवटी उडवली. दाराशी आलेल्यानं रोटीचा तुकडा मोडल्याशिवाय जायचं नसतं, मग तो शत्रू का असेना. जूरानं चिमटीएवढा तुकडा घेतला.

"अंगरखा खुंटीला आहे," आपा म्हणाली.

"माप..."

"बसेल."

"एजे, मी त्यासाठी नाही आले. राजी व्हा माझ्यावर."

लांबच्या प्रवासाला निघताना, नाहीतर मरताना म्हणतो आम्ही हे. समोरच्यानं 'राजी आहे' म्हणायचं असतं, मनात काहीही असो. मरणाऱ्याला कोण नाही म्हणणार?

"मॉस्कोला चाललीस, मरायला नाही," आपा म्हणाली.

"एसेनदादा म्हणतात उद्या मरायचंच आहे."

"एसेनला काय, दर उन्हाळ्यात दोन-चार मारतो." आपानं पीठ पुढे ओढलं, मळायला लागली. "नवरा सोडलास तेव्हा रडलीस का?"

"हो."

"किती?"

"एजे, असं कसं सांगू?"

"नाही, सांग ना. मंडळीसमोर सगळं सांगतेस, मला सांगायला काय झालं? एक दिवस? आठ दिवस? मी त्याच्यासाठी किती रडले ते कुणी विचारलं नाही मला. मी सज्जन होते ना. सज्जन बाई रडली तर घरात कांदा चिरलाय असं वाटतं लोकांना."

जूरा खाली बघत होती. मग म्हणाली, "मी सगळ्यात जास्त रडले ते बाळ गेलं तेव्हा. हे त्यापुढे काही नव्हतं."

आपाचे हात पिठात थांबले.

जूराला मुलगा झाला होता. नऊ वर्षांपूर्वी, आठ महिन्यांचा होऊन फेब्रुवारीत तापानं गेला. मुकाशला दोन दिवस लोकांनी धरून ठेवलं होतं. आमच्या घरी त्याबद्दल कधी बोलणं झालं नाही.

"तेव्हा मला वाटलं, ही शिक्षा," जूरा म्हणाली. "तुमच्या घराचं वाटोळं केलं त्याची. इतकी वर्षं तसंच वाटायचं. तुमच्यासमोरून जाताना वाटायचं, हिच्या देवानं नेलं माझं पोर. परवा एसेनदादांना विचारलं. ते म्हणाले, देव असा लेकरांवर सूड काढत नाही. आपल्या पापाचं जे काय द्यायचं होतं ते त्यानं स्वतःच्याच लेकराच्या अंगावर घेतलं, दुसऱ्याच्या पोराला हात लावायची त्याला गरजच नाही." तिनं वर पाहिलं. "खरं आहे ना ते, एजे? तुम्हाला जास्त माहीत. तुम्ही शिकवता."

आपानं हात पिठातून काढले. तिचा चेहरा कधी नव्हे तो म्हातारा दिसत होता. शेवटी मीच म्हटलं, "खरं आहे, जूरा एजे." अंगरखा काढून तिच्या हातात दिला. ती गेली.

मी आपाकडे वळले. "दोन शब्द म्हणायचे होते, आपा. राजी आहे. एवढंच. ते पण नाही?"

"तू गप्प बस आणि कांदे बघ."

*

रविवार. जूनचं ऊन, पण नदी बर्फाचीच. आम्ही तेवीस जण काठावर. एसेन कमरेएवढ्या पाण्यात, दात वाजतायत म्हणून जबडा घट्ट मिटलेला. शेजारी जूरा, पांढऱ्या अंगरख्यात. तो तिला असा बसला होता, की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ओरोझबेकची बायको माझ्या कानाशी म्हणाली, "माप कुणी घेतलं गं?"

एसेननं तिला विश्वासाचे प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली, सगळ्यांना ऐकू जातील अशी. मग तो काठाकडे वळला.

"जूरा कशी होती?"

पाण्याचा आवाज. सगळे आपाकडे बघायला लागले, मग बघायचं नाही असं ठरवून दुसरीकडे बघायला लागले.

"जूरा कशी होती?"

आपा पुढे झाली. जोडे न काढता. पाणी घोट्याला लागलं तरी थांबली नाही, गुडघ्यापर्यंत गेली, तेव्हा उभी राहिली.

"माझ्यासारखी नव्हती," ती म्हणाली.

कुणीतरी मागे हुंकार दिला. एसेननं डोळे मिटले. जूराचा चेहरा हलला नाही. तिला बहुधा हेच अपेक्षित होतं.

"तिनं काय केलं ते तिनं सांगितलं. मी काय केलं ते तुम्हाला माहीत नाही." आपा आमच्याकडे वळली नाही, जूराकडे बघूनच बोलत होती. "तिचं पोर गेलं, त्याच्या पुढच्या रविवारी मी घरात उभी राहिले होते. म्हणाले, प्रभूनं माझी प्रार्थना ऐकली, माझ्याबरोबर आभार माना. तुम्ही सगळे आमेन म्हणालात. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. मी ते मागितलं नव्हतं, पोराचं मरण. शपथ. पण तिचं घर मोडावं हे रोज मागत होते. आणि पोर गेलं तेव्हा मला वाटलं, सुरुवात झाली."

मी तिथे होते, त्या रविवारी. नुकती पोटुशी होते. मला वाटलं होतं आपा माझ्यासाठी आभार मानतेय. सगळ्यात मोठ्यानं आमेन मी म्हटलं होतं.

"काल ती मला विचारून गेली, देव सूड घेत नाही हे खरं ना. खरंच आहे. मी पोरांना तेच शिकवते." आपाचा आवाज फाटला. "मग त्या दिवशी मी आभार मानले ते कुणाचे?"

मग एकेकाच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं. ओरोझबेक, ओरोझबेकची बायको, तो तुरुंगातून आलेला पोरगा, सगळे रडत होते आणि सगळे आपाकडे बघत होते. एक खरं सांगू? त्या क्षणी माझ्या मनात आलं ते चांगलं नव्हतं. जूराचा दिवस होता तो. ती कमरेएवढ्या पाण्यात गारठून तिथे उभी होती आणि तिच्याकडे आता कुणाचं लक्षही नव्हतं. आपानं तेसुद्धा घेतलं तिच्याकडून. आजही मला ठरवता येत नाही, तो पश्चात्ताप होता, की मत्सरानं पश्चात्तापाचे कपडे घातले होते. आपालाही ठरवता येत नाही. मी विचारलंय.

पण पुढचं तिनं केलं, ते मत्सरी बाईला जमत नाही असं मला वाटतं. ती गुडघ्यांवर आली, पाण्यातच. पाणी तिच्या कमरेला लागलं. शाल तरंगायला लागली.

"जूरा," ती म्हणाली, "तू कशी होतीस हे मला विचारू नका कुणी. तू सांग. मी कशी आहे? आणि राजी हो माझ्यावर. व्हायला जमलं तर."

आम्ही काठावरून म्हणायचो ते दोन शब्द आता जूरानं म्हणायचे होते. एसेनचा हात तिच्या पाठीमागे तसाच होता, बुडवायच्या तयारीत.

जूरानं आपाकडे पाहिलं. बराच वेळ. तिचे ओठ निळे पडले होते. मला वाटलं म्हणतेय, आता म्हणतेय. काठावरचे सगळे वाट बघत होते, तिच्याबरोबर आमेन म्हणायला.

तिनं एसेनचा हात पाठीवरून बाजूला केला. पाणी कापत आपाच्या जवळून गेली, इतक्या जवळून की ओला अंगरखा आपाच्या खांद्याला घासला. काठावर तिचे जोडे होते. ते तिनं उचलले, पायात घातले नाहीत, आणि दगडांवरून चढून रस्त्याला लागली.